अमेरिकेतून नगरला आलेली मिशनरी कुटुंबं इथे कशी रुळायची?

सगळ्यात आधी भाषा, बाकी सगळं नंतर. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ ला मुंबईत आले आणि पुढे १८३१ पासून नगरला, पंडितासमोर बसून मराठी शिकायचे आणि 'ळ' काही केल्या जिभेवर यायचा नाही. पण त्यांची पोरं मात्र मुलं सांभाळणाऱ्या इथल्या आयांच्या मांडीवर वाढली, त्यामुळे ती आईबापांपेक्षा फाडफाड मराठी बोलायची.

माझी पणजी एका मिशन बंगल्यात कामाला होती, ती सांगायची की जाळीच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत, आणि रोज सकाळी पहिलं काम त्या वाट्या भरायचं. पाणी उकळूनच प्यायचं. बाई आधी भाकरी बघून घाबरल्या, नंतर स्वतः मागून खायला लागल्या.

खरं दुःख वेगळंच होतं हो. कॉलरा, ताप यांनी माणसं जायची. या मिशनचेच एक मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ ला कॉलऱ्यानेच गेले. आणि शिक्षणासाठी मुलांना लांब पाठवायचं, म्हणजे वर्षानुवर्षं भेट नाही, फक्त पत्रं, तीही बोटीने. आईच्या जिवाचं काय होत असेल!

पण काही मुलं परत आलीच. मिशनरी घरातलेच रॉबर्ट ह्यूम १८४७ ला मुंबईत जन्मले, लहानपणीच अमेरिकेत गेले, आणि १८७४ ला मिशनरी म्हणून नगरला आले, मग कित्येक वर्षं इथलेच होऊन राहिले. मला तर वाटतं त्यांच्यासाठी हे परदेशात येणं नव्हतंच, घरी परतणं होतं.