बफर ६४ वर आणूनही हेडफोनमध्ये आवाज उशिरा येत असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या महाल भागातल्या घरी भजनांचं रेकॉर्डिंग चाललंय. विंडोज लॅपटॉप, माईक जोडायला दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली जातात) ४८ किलोहर्ट्झ. बफर, म्हणजे एका वेळी हाताळला जाणारा सॅम्पलचा गठ्ठा, १०२४ वर होता तेव्हा गायक म्हणाला, "भाऊ, माझा आवाज मागून येऊन राहिला." म्हणून तुम्ही बफर उतरवत उतरवत ६४ वर आणला. आता चरचर सुरू झाली आणि गायकाची तक्रार मात्र तशीच. मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) लिनिअर फेज ईक्यू (खर्ज-तीव्र भाग कमीजास्त करणारा) आणि लिमिटर (आवाजाचे उंचवटे रोखणारा) आहे, हे तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय. माझ्या मते उत्तर त्याच ओळीत आहे.

आधी हिशेब करू. बफरमधली सॅम्पल भागिले सॅम्पल रेट, की बफरचा उशीर मिळतो. ४८,००० वर १०२४ म्हणजे २१.३ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, ६४ म्हणजे १.३. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणून दुप्पट धरा. वर कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारे) आणि ड्रायव्हरचा थोडा वाटा. ६४ वर हे सगळं मिळून चांगल्या ड्रायव्हरवर सहसा पाच-सात मिलिसेकंदांत बसतं. गायकाला "मागून" वाटावं इतकं ते नाही.

आता मास्टरच्या एफएक्स खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे सीपीयूच्या टक्क्यांशेजारी सॅम्पलचा आकडा दिसतो. तो प्लग-इननी, म्हणजे ईक्यू-लिमिटरसारख्या जोडलेल्या छोट्या प्रोग्रामनी, स्वतःहून मागितलेला उशीर. लिनिअर फेज ईक्यूला प्रत्येक क्षणाच्या मागचा-पुढचा आवाज हाती असावा लागतो आणि खर्जाकडे बारीक काम करायचं तर आवाजाचा हा तुकडा आणखी लांब लागतो. काही हजार सॅम्पल सहज लागतात. लिमिटरही पुढचा उंचवटा आधी बघून घेतो. समजा ईक्यूचे ४०९६ आणि लिमिटरचे २४०, तर झाले ९० मिलिसेकंद. भजनाचा ठेका मिनिटाला १६० मात्रांचा धरला तर एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. म्हणजे गायक स्वतःला जवळजवळ पाव मात्रा उशिरा ऐकतोय. तशात कोणी सुरात-लयीत गाऊ शकणार नाही, त्याचा दोष नाही. आणि बफर १०२४ वरून ६४ केला तरी हे ९० तसेच राहतात, कारण ते बफरमधून आलेलेच नाहीत.

तेव्हा पहिलं काम: रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टर रिकामा ठेवा. लाऊडनेसची घाई शेवटी करा. ट्रॅकवर ईक्यू हवाच असेल तर साधा, मिनिमम फेजचा घ्या. त्यातले बहुतेक शून्य उशिराचे असतात. रीपरसारख्याच क्यूबेस या प्रोग्राममध्ये यासाठी 'कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन' आणि लॉजिकमध्ये 'लो लेटन्सी मोड' अशी सोय आहे. रीपरमध्ये मी मास्टरची एफएक्स साखळी सरळ बायपास करतो आणि उशिराचा आकडा उतरला का ते बघतो. काही प्लग-इन बायपास करूनही उशीर धरून ठेवतात. ते ऑफलाइनच करावे लागतात.

चरचरीचं कारण वेगळं. बफर ६४ असताना ड्रायव्हर दर १.३ मिलिसेकंदाला नवा घास मागतो. तेवढ्यात साखळीतल्या सगळ्या प्लग-इनचं काम संपलंच पाहिजे. एकदा चुकलं की आवाजात भोक पडतं आणि आपल्याला 'चर्र' ऐकू येतं. सीपीयू मीटर ३० टक्के दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो सरासरी सांगतो, आणि आपलं नुकसान करतो तो सर्वात वाईट क्षण. शिवाय एका ट्रॅकवरचे प्लग-इन एकामागून एक चालतात, ते आठ कोअरवर वाटता येत नाहीत. रीपर वाजवताना बरंच काम आगाऊ करून ठेवतो, पण माईक उघडा असलेल्या ट्रॅकला ती सवलत मिळत नाही. म्हणूनच नुसतं वाजवताना गप्प असलेला प्रोजेक्ट ट्रॅक आर्म (रेकॉर्डिंगसाठी सज्ज) केला की कुरकुरतो.

इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (विंडोजवर कमी उशिरात आवाज पोचवणारा) ड्रायव्हर वापरा, चार्जर लावलेला ठेवा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, वायफाय बंद. एवढं करूनही थांबलं नाही तर लेटन्सीमॉन हा तपासणीचा प्रोग्राम चालवून कोणता ड्रायव्हर वेळ खातो ते शोधा.

आपल्या नागपुरात आणखी एक गोष्ट पाहायलाच हवी. रेकॉर्डिंगला कूलर बंद करावा लागतो. मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत एका भजनी मंडळाचं काम करत होतो. पहिली वीस मिनिटं १२८ बफरवर एक डाग नाही. दुसऱ्या भजनाच्या मधल्या अंतऱ्यात चरचर सुरू. सेटिंग तीच, प्लग-इन तेच. लॅपटॉप गादीवर होता आणि खालची जाळी चादरीने झाकली गेली होती. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, आणि काल पुरणारा १२८ आज पुरत नाही. तेव्हापासून लॅपटॉप लाकडी पाटावर, मागून दोन ठोकळे देऊन उचललेला असतो, आणि प्रत्येक भजनानंतर दहा मिनिटं कूलर चालू. उन्हाळ्यात बफर ठरवताना थंड मशीनवर नाही, अर्धा तास चाललेल्या मशीनवर तपासा.

एवढ्यानंतर १२८ किंवा २५६ वर आरामात काम होईल. तरी गायकाला आवाज पोकळ वाटला तर तेही खरं असतं. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांमधून लगेच पोचतो, हेडफोनचा काही मिलिसेकंदांनी. दोन्ही मिसळून काही स्वर खाल्ले जातात. तेव्हा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता सरळ हेडफोनला) लावा आणि रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिले तर दुहेरी आवाज येतो. रिव्हर्ब (घुमारा) हवा असेल तर मात्र रीपरमधलं मॉनिटरिंग चालू ठेवून ट्रॅकचा कोरडा आवाज मास्टरला जाऊ देऊ नका, सेंडवरचा (दुसऱ्या ट्रॅककडे पाठवलेला) रिव्हर्ब तेवढाच ऐकवा, कोरडा आवाज इंटरफेसवरून जाऊ द्या. रिव्हर्ब पाच मिलिसेकंद उशिरा आला तर कोणाला कळतही नाही.

मिक्सिंगला बसलात की बफर १०२४ किंवा २०४८ करा, मास्टरवर हवे ते प्लग-इन लावा. मोठ्या बफरने आवाजाचा दर्जा बिघडतो असं अनेकजण सांगतात, ते चूक आहे. तीच सॅम्पल, फक्त मोठ्या गठ्ठ्याने जातात. इथे काळजी घ्यायची ती डिले कॉम्पेन्सेशन (प्लग-इनच्या उशिराइतके बाकीचे ट्रॅक थांबवून सगळं जुळवणं) चालू असल्याची. तबल्याचा एक ट्रॅक कोरडा आणि त्याचीच प्रत कॉम्प्रेसरमधून असं समांतर ठेवलं, आणि प्लग-इनने उशीर खरा सांगितला नाही, तर पाच मिलिसेकंदांच्या फरकाने १०० हर्ट्झ जवळ खड्डा पडतो. नेमकी डग्ग्याची छाती जाते तिथेच. डग्गा पातळ वाटला तर ईक्यूला हात लावण्याआधी दोन्ही ट्रॅक पडद्यावर मोठे करून एकाच 'धा'ची सुरुवात शेजारी ठेवून बघा.

शेवटी ड्रायव्हर खरं बोलतो का ते एकदा मोजा. आउटपुटमधून इनपुटमध्ये केबल लावा, ४८ व्होल्ट (माईकला जाणारी वीज) बंद, डायरेक्ट मॉनिटरिंग बंद, आवाज कमी. एक क्लिक वाजवून नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेली क्लिक यांच्या सुरुवातींमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. जो फरक उरेल तो रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये ऑफसेट म्हणून भरा. बफर बदलला की पुन्हा मोजा.

मास्टर बायपास करण्याआधीचा आणि नंतरचा सॅम्पलचा आकडा, आणि हे केबलचं माप इथे लिहा. त्यानंतरही गायक मागे पडत असेल तर तुमच्या मॉनिटरिंगच्या रस्त्याकडे बघू.