ऐरोलीत राहून झेनिथ सीएच 701 या छोट्या विमानाचं किट (सुटे भाग आणून स्वतः जोडायचं) घ्यावं की तयार विमान?

शीटमेटलवर हात बसलेला असेल आणि पुढची दोन-तीन वर्षं शनिवार-रविवार द्यायची तयारी असेल तरच किट घ्या, नाहीतर सरळ तयार बघा, माझं स्पष्ट मत.

क्रिस हाइन्ट्झ यांचं हे डिझाइन 1986 चं, अख्खं अॅल्युमिनियमचं, पंखांच्या पुढच्या कडेला कायमचे स्लॅट (पंखावरून हवा नीट वाहू देणाऱ्या पट्ट्या) त्यामुळे कमी स्पीडलाही उचलतं, रनवे थोडकाच लागतो, इंजिन बहुतेक जण रोटॅक्स 912 लावतात, 80 किंवा 100 एचपी. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत 27 फूट, पण दोन्ही पंख सुटे बनतात म्हणून रबाळे एमआयडीसीतला मध्यम गाळाही पुरतो, फ्लॅटच्या पार्किंगचा विचार सोडा.

रिव्हेट मारणं सोपंय हो, वेळ जातो तो आधीच्या कामात, पत्रे जोडून ड्रिल करा, क्लिको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणारे क्लिप) लावा, मग सगळं परत उघडून प्रत्येक भोकाची बर (ड्रिलमुळे उठलेली धारदार कड) काढा आणि जोडाच्या आतल्या बाजूला झिंक क्रोमेट प्रायमर मारा. हा प्रायमर अजिबात टाळू नका, आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि वर चार महिने पाऊस, दोन पत्र्यांच्या मधे गंज धरला तर बाहेरून दिसतपण नाही.

आणि पैसे भरायच्या आधी डीजीसीएकडे (विमानांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) रजिस्ट्रेशनचं नीट विचारून घ्या प्लीज. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव, त्यांच्या विमानाचं रजिस्ट्रेशन व्हायला 2017 उजाडलं होतं.