वडिलांच्या पुढच्या उपचारांचं प्लॅनिंग कॉम्प्युटरवरच्या टूलने करावं का?

तुम्ही लिहिलंय की वडील सत्तरी पार आहेत, अजून ठणठणीत आहेत, पण उद्या आजारपणात बोलता येईनासं झालं तर काय करायचं हे आत्ताच ठरवून ठेवायचंय, आणि त्यासाठी ऑनलाइन टूल वापरलं तर चालेल का. चालेल की, खुशाल वापरा. फक्त शेवटी जो फॉर्म निघतो त्यापेक्षा तो भरताना जे बोलणं होतं ते जास्त कामाचं असतं, एवढं डोक्यात ठेवा.

मी आयसीयूत नर्स आहे, त्यामुळे दुसरी बाजू कायम बघते. पेशंट व्हेंटिलेटरवर, बाहेर तीन मुलं, तिघांची तीन मतं, आणि बाबांना काय हवं होतं असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. घरच्यांना माहीतच असतं असं समजू नका. २००६ साली अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात जवळच्या माणसांनी पेशंटची इच्छा बरोबर ओळखली ती ६८ टक्के वेळा, म्हणजे जवळजवळ तीनातला एक अंदाज चुकला.

मला स्वतःला 'प्रिपेअर फॉर युवर केअर' हे वेबसाइटवरचं टूल बरं वाटतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉ. रिबेका सुडोर यांच्या टीमने केलेलं, फुकट आहे आणि छोटे छोटे व्हिडिओ आहेत. त्यात आधी विचारतात की तुमच्या वतीने निर्णय कोण घेणार, मग तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय, आणि मग एक प्रश्न येतो जो साध्या फॉर्मवर बहुतेक नसतोच, की निर्णय घेणाऱ्याला तुमचं म्हणणं बदलायची मुभा किती. माझ्या सासऱ्यांना हे दाखवलं तेव्हा सुरुवातीला एकच पालुपद, मला नळ्याबिळ्या काही नकोत. म्हटलं बाबा, समजा न्यूमोनिया झाला, दोन दिवस मशीनवर ठेवलं आणि चालत घरी आलात तर? तर म्हणाले मग दोन दिवस घाला की! आता नुसत्या 'नको'वर टिक करून ठेवली असती तर काय झालं असतं बघा. त्यांनी शेवटी मुभा दिली, पण माणूस ओळखेनासा झालो तर ओढत बसू नका ही एक गोष्ट पक्की ठेवून.

व्हिडिओंचा फायदा म्हणजे डोक्यातलं टीव्हीवालं चित्र पुसलं जातं. छाती दाबली की माणूस उठून बसतो असं वाटतं ना, १९९६ मध्ये अमेरिकन मालिका तपासल्या तेव्हा त्यात ७५ टक्के पेशंट लगेच वाचत होते, प्रत्यक्षात हॉस्पिटलमध्ये हृदय बंद पडलं तर चार-पाचातला साधारण एक जण घरी जातो, आणि वय, आधीचे आजार असतील तर त्याहून कमी.

चॅटबॉटला शब्दांचे अर्थ विचारायला हरकत नाही, व्हेंटिलेटर म्हणजे काय, डायलिसिस किती वेळ चालतं वगैरे, पण वडिलांनी काय निवडावं हे त्याला विचारू नका, कारण तो गोड बोलून ज्या बाजूला तुमचा कल दिसेल तिकडेच ढकलू शकतो.

प्रिंट काढली म्हणजे झालं असंही नाही, सह्या-साक्षीदारांचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, ते बघून घ्या. कपाटात कुलपात ठेवलेला कागद आम्हाला रात्री दोनला काही उपयोगाचा नसतो, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांना कॉपी द्या, निर्णय घेणाऱ्याच्या फोनमध्ये फोटो ठेवा, आणि वडील कशासाठीही ॲडमिट होऊन आले की परत एकदा उघडून बघा, माणसाचं मत बदलतं.

आणि तुमचा भाऊ लांब राहतो म्हणालात ना, त्याला पहिल्या दिवसापासून व्हिडिओ कॉलवर घ्या. रागवू नका, पण बॅग हातात घेऊन थेट आयसीयूच्या दारात 'काहीही करा पण वाचवा' म्हणणारा बहुतेक वेळा तोच असतो.