प्रयोग आखण्याआधी जा

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. आयजेम या, जिवाणूंसारख्या सजीवांची जनुके बदलून उपयोगी रचना घडवण्याच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-स्पर्धेसाठी तुमच्या चमूने शाळांत व्याख्याने दिली, जनुकांचे रंगीत तक्ते वाटले, दुसऱ्या चमूंशी सहकार्य केले, आणि तरीही ‘यामुळे तुमच्या रचनेत काय बदलले?’ या प्रश्नावर तुम्ही गप्प बसलात. बरे झाले, निदान खोटे तरी बोलला नाहीत.

मीही असाच तोंडघशी पडलो आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असेल, तर रंग बदलणारा जिवाणू आम्ही घडवत होतो. रचना पक्की झाल्यावर, केवळ स्पर्धेच्या निकषांत लोकसंवाद आहे म्हणून, गावात गेलो. कळशी विसळणाऱ्या एका बाईंनी परीक्षानळी उन्हात धरून पाहिली आणि विचारले, “रंग आला, तर मंग पानी कुठून आनाव?” त्या हापशावर, पाणी पिऊ नये म्हणून, लाल फुली आधीच मारलेली होती, आमच्यापैकी एकाच्याही ती नजरेस आली नव्हती. त्यांना फ्लोराइड ओळखायचे नव्हते, घालवायचे होते. प्रयोग आखण्याआधी जायला हवे होते.

वेळ नसतो, हे मला सांगू नकोस. तीच सबब मी तेव्हा दिली होती: डीएनएच्या तुकड्यांची मागणी गेली होती, पैसे संपले होते, मुलांचा हिरमोड करवत नव्हता. आजही ती मला पूर्णपणे खोटी वाटत नाही, हा भाग वेगळा. बीटी वांग्याचेही, म्हणजे किडीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या वांग्याचेही, असेच झाले. २००९ मध्ये केंद्र सरकारच्या, अशा पिकांना मंजुरी देणाऱ्या समितीने लागवडीला हिरवा कंदील दाखवला आणि नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या त्या त्यानंतर. फेब्रुवारी २०१० मध्ये लागवडीला स्थगिती आली. आधी जा, असे मी म्हणतो ते यासाठी.

उलट याच स्पर्धेतल्या एडिनबरा विद्यापीठाच्या चमूची २००६ मधली रचना पाहा. पाण्यात आर्सेनिक हे विष आढळल्यास आम्लतेत बदल व्हावा, म्हणजे महागड्या यंत्राऐवजी आम्लतेनुसार रंग बदलणारा साधा दर्शक पुरेल, हा विचार त्यांनी रचनेतच केला होता.

सहकार्याचेही तेच. ‘तू माझी प्रश्नावली भर, मी तुझी भरतो’ ही नुसती देवाणघेवाण झाली, सहकार्य नव्हे. तुमचा जनुकीय भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत चालतो का, हे तिथल्या चमूला करून पाहू द्या आणि चालला नाही तर तसे लिहा.

पुढच्या वर्षीचा विषय अजून ठरलेला नाही, असे तू लिहितेस. उत्तम. पिपेटला हात लावण्याआधी दोन शनिवार गावात घालवा, तक्ते नेऊ नका, आणि लोक जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवलेली वही घेऊन माझ्याकडे या.

तुझा,
एक जुना मार्गदर्शक