तासिका सांभाळून चित्रीकरण

प्रश्न: मी मराठी चित्रपट दिग्दर्शित करते. विद्यापीठाने तासिका तत्त्वावर आठवड्याला आठ तास शिकवायला बोलावलं आहे. दोन्ही जमेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: जमेल, पण आठही तास सोमवार-मंगळवारात बसवून घ्या. रोज दोन-दोन तास स्वीकारलेत, तर बारा तासांची शिफ्ट लावताच येणार नाही. वेळापत्रक लागल्यावर बदलून घेणं कठीण, म्हणून विभागप्रमुखांशी आधीच बोला.

मुख्य चित्रीकरण उन्हाळी सुटीत उरकता येतं. गाडी अडते ती पॅचवर्कला, म्हणजे राहून गेलेलं चित्रीकरण नंतर पूर्ण करताना. नटाच्या तारखा सरकतात आणि राहिलेले दोन सीन नेमके अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात येऊन पडतात. निर्मात्याशी करार करतानाच पॅचवर्कचे तीन-चार दिवस तारखांसकट लिहून घ्या. संकलन आणि डबिंग विद्यापीठाचं सत्र चालू असतानाही संध्याकाळी होतं. डीआय, म्हणजे चित्रपटाच्या रंगांवरचं शेवटचं काम, मात्र तासांच्या दिवशी नको. थकलेल्या डोळ्यांना त्वचेच्या रंगातला फरक कळत नाही.

मानधनावर घर चालवायचा हिशेब करू नका. यूजीसीच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत अतिथी अध्यापकाला तासिकेला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं आहे. प्रत्यक्षात दर कमीही असतो, शिवाय सुटीत तास नाहीत म्हणजे पैसेही नाहीत.

ज्यांचे गुण तुमच्या हातात आहेत, त्या विद्यार्थ्यांना सेटवर फुकट राबवू नका. त्यांना 'नाही' म्हणता येत नाही. विभागाचा कॅमेराही लेखी परवानगीशिवाय नेऊ नका. त्याचा विमा व्यावसायिक चित्रीकरणाला लागू असेलच असं नाही.