सही तुझी असेल तर उभी राहा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण घाईत दोन ओळी टाकून मोकळं व्हायची ही गोष्ट नाही म्हणून आज सकाळी निवांत लिहायला बसले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे पॅनलवाले, म्हणजे मिळून उमेदवार उभे करणारा गट, तुमच्या घरी येऊन गेले, चहा झाला, वडिलांना म्हणाले की आपल्या वॉर्डात यावेळी महिलेची जागा पडणार असं वाटतंय, तुमची मुलगी शिकलेली आहे, फॉर्म भरू, बाकीचं आम्ही बघतो. आणि तू मला विचारतेस, काकू, उभी राहू का?

मला तू उभी राहावंसं वाटतं, मनापासून वाटतं. पण ते "बाकीचं आम्ही बघतो" वाचलं आणि माझं मन एकदम वीस वर्षं मागे गेलं, म्हणून आधी माझं सांगते, मग तुझं बघू.

मी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मला पण असंच घरी येऊन विचारलं होतं. म्हणजे मला नाहीच, सासऱ्यांना विचारलं. निवडून आले, गुलाल उधळला, आणि दुसऱ्या महिन्यात शिपाई रजिस्टर घेऊन घरी आला. मी चुलीपुढे भाकरी थापत होते, हात पिठाचे. तो म्हणाला वहिनी, मीटिंग झाली, फक्त सही राहिलीये. मीटिंग कधी झाली, काय झालं, मला काहीच माहीत नाही, पण सगळेच करतात म्हणून मी पदराला हात पुसले आणि उंबऱ्यातच सही केली. शेवटच्या ठरावाच्या खाली चार-पाच ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या आणि माझी सही त्या कोऱ्या जागेच्या खाली. ते मला तेव्हा दिसलं पण कळलं नाही. पुढं उन्हाळ्यात वरच्या वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन माझ्या दारात आल्या, त्यांच्या बोअरची मोटर कागदावर खरेदी झाली होती, बिल निघालं होतं, बोअरवर मोटर नव्हती. आणि ठराव त्याच कोऱ्या ओळींत लिहिलेला. एक म्हातारी मला म्हणाली, बाई, सही तुमची आहे ना. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. त्या बायका चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

म्हणून मी तुला एवढंच सांगणार आहे, की नाव द्यायचं असेल तर त्या नावाची सही पण तूच करायची, वाचून, मीटिंगला बसून. ते जमणार असेल तर उभी राहा, नाहीतर पॅनलला सरळ नाही म्हण, त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, २०११ पासून. त्याआधी एक तृतीयांश होत्या, ७३ व्या घटनादुरुस्तीने दिलेल्या, ती १९९३ ला लागू झाली. म्हणजे आता तुझ्या आईच्या पिढीपासून बायका निवडून येतायत, आणि तरी अजून कितीतरी गावांत रजिस्टर घरी जातंय. कायद्याने खुर्ची मिळाली पण खुर्चीवर बसायचं तर आपल्यालाच लागतं, आणि त्यासाठी निवडणुकीच्या आधीचे हे जे महिने आहेत ना तेच खरे कामाचे आहेत, प्रचाराचे दहा-बारा दिवस नाहीत.

आता तुझं बघू. आधी कागद. सदस्य व्हायला २१ वर्षं पूर्ण लागतात, ती तुझी झाली. १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी पास लागते, तो तुझा प्रश्नच नाही. घरात संडास वापरात असल्याचं लागतं, आहे. जागा जर एससी, एसटी किंवा ओबीसी महिलेची निघाली तर जातीचा दाखला आणि पडताळणीचं बघावं लागतं, आणि पडताळणी ही ऐनवेळी धावपळ करून होणारी गोष्ट नाही, निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही म्हणून पद गेलेली माणसं मी बघितलीत, तेव्हा तुझा अर्ज टाकलेला नसेल तर या आठवड्यात टाक, जागा कुठलीही निघो.

मग मतदार यादी, आणि इथंच पोरं फसतात. तू पुण्याला होस्टेलवर होतीस तेव्हा तिकडे कुणी कॅम्पमध्ये नाव नोंदवून घेतलं होतं का, आठव. दोन ठिकाणी नाव चालत नाही. गावचं नाव नुसतं आहे म्हणून चालणार नाही, कुठल्या वॉर्डात आहे, नाव वय बरोबर छापलंय का, हे डोळ्यांनी बघ. ग्रामपंचायतीला वेगळी मतदार यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी घेतात, राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या तारखेला यादीत जेवढी नावं असतील तेवढीच वॉर्डावॉर्डात फोडतात. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर नवीन नाव घालायला पळालीस तर उशीर झालेला असतो. प्रारूप यादी, म्हणजे कच्ची यादी, लागते तेव्हा हरकत घेता येते पण ती कशाची, तर वॉर्ड चुकला, विधानसभेच्या यादीत असून इथं गळालं, अशा चुकांची. नवीन नाव हवं तर सहा नंबरचा फॉर्म, दुरुस्ती नाहीतर पत्ता बदलायला आठ नंबरचा, बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या माणसाकडे, दे किंवा मोबाईलवरून भर, १९५० नंबरवर पण माहिती मिळते. आणि स्वतःचं झालं की तुमच्या गल्लीत आत्ता अठरा पूर्ण झालेली जेवढी पोरं-पोरी आहेत त्यांची भर. लग्न होऊन नवीन आलेल्या सुनांची नावं तर हमखास राहिलेली असतात, माहेरच्या यादीत तशीच पडून असतात, तिकडेही मत नाही इकडेही नाही. हे काम तू उभी राहिलीस तरी कर, नाही राहिलीस तरी कर.

आरक्षणाची सोडत अजून व्हायचीये, पॅनलवाले नुसता अंदाज बांधतायत. वॉर्डांची सोडत गावातच होते, त्यासाठी खास ग्रामसभा बोलावतात, तहसील ऑफिसचा माणूस येतो आणि शाळेतल्या लहान पोराच्या हाताने डब्यातून चिठ्ठी काढतात. सरपंचपदाची मात्र तालुक्याला. या सोडतीला गावातले दहा-वीस पुढारी सोडले तर कुणी जात नाही. तू जा, पुढं बस, कुठल्या वॉर्डाची चिठ्ठी टाकली आणि कुठल्याची नाही आणि का नाही, हे विचार. वॉर्डाच्या हद्दी बदलल्या असतील तर त्यालाही हरकतीची मुदत असते, नोटीस बोर्डावर कागद लागतो. तो बोर्ड आठवड्यातून एकदा बघायची सवय लाव, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव.

आता ग्रामसभा. वर्षातून कमीत कमी चार व्हायला पाहिजेत, आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा धरतात, आणि त्याआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते. एवढी माणसं जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, आणि तिथे पंधरा-वीस माणसांत सगळ्या गावाचं ठरतं. हे कुणी चोरून करत नाही, आपण गेलो नाही म्हणून होतं. आणि काही ठिकाणी तर हजेरीच्या वहीवर दुकानात बसून सह्या गोळा होतात, तुझ्यासमोर अशी वही आली तर सही करू नकोस, सांग मी येते सभेला, तिथं करते.

यावेळच्या सभेला काय विचारशील? भाषण करू नको. तीन प्रश्न घेऊन जा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा, हा पहिला, कारण मागे ठरलेल्यातलं काय झालं ते तिथंच उघडं पडतं. दुसरा, वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारे, पैसे किती आले आणि कशावर गेले. पंधराव्या वित्त आयोगात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, त्यातले ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, ४० टक्के गाव ठरवेल तसे. हे ई-ग्रामस्वराजच्या साईटवर गावाचं नाव टाकलं की दिसतं, आदल्या दिवशी बघून जा, वहीत आकडे उतरव, म्हणजे उत्तर देणाऱ्याला पण कळतं की ही बघून आलीये. तिसरा, पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. ते केले का, कुणाला काय मिळालं. मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा माझा आवाज थरथरत होता, खरं सांगते, पण विचारला, आणि पुढच्या वर्षी अंगणवाडीला वजनकाटा आणि सतरंज्या आल्या. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे, साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. पण आधी तोंडी विचार, माणसाला बोलायची संधी दे. आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, ते एकटे कधी कधी दोन-दोन गावं बघतात, सगळेच काही वाईट नसतात. मला हिशोबाची वही वाचायला ज्यांनी शिकवलं तेही एक ग्रामसेवकच होते, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर अर्धा अर्धा तास बसायचे. त्यांनीच सांगितलेलं, शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ मारायची, मगच रेघेला चिकटून सही. दुसऱ्या वेळी निवडून आले तेव्हा पाच वर्षं मी तशीच सही केली.

पॅनलबद्दल. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं पण मागे कोण आहे ते सगळ्या गावाला माहीत असतं. पॅनलमध्ये जाणं वाईट नाही, एकटीने निवडून येणं अवघडच आहे. पण हो म्हणायच्या आधी त्यांना घरी बोलाव, वडिलांसमोर, आणि तू स्वतः बोल. मासिक मीटिंगला मी स्वतः येणार, रजिस्टर घरी पाठवायचं नाही, खर्चाचा हिशोब माझा मी ठेवणार. निकालानंतर तीस दिवसांत खर्च द्यावा लागतो, नाही दिला तर पुढे अपात्र ठरवतात, आणि तेव्हा पॅनल नाही, तू अपात्र होतेस. रात्रीच्या जेवणावळी, बाटल्या, पाकिटं यात तुझं नाव नको हे पण सांग. ते हसतील, म्हणतील पोरगी अजून लहान आहे. हसू देत. त्यांना तुझी गरज आहे म्हणून ते आलेत, हे विसरू नको.

आणि बिनविरोध करायचं म्हणून कुणी देवळाला देणगी द्या आणि जागा घ्या असं बोलायला लागलं तर तिथून उठून ये. मागे २०२१ च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने थेट रद्द केली होती, सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं पुढे आलं म्हणून. देऊळ बांधायचं असेल तर गावाने वर्गणी काढावी, पण माणसांचं मत विकून देवाला पैसे द्यायचे हे मला सहनच होत नाही. भांडणं नकोत म्हणून सगळ्यांनी बसून एकमत केलं तर ती वेगळी गोष्ट, ती चांगली गोष्ट आहे, पण त्यात त्या कोपऱ्यातल्या वस्तीला कुणी विचारलं का ते बघ.

तुझे वडील काळजी करणार, गावात बोलणी होतील, पोरगी पुढारपण करते म्हणून. लग्नाचा विषय पण निघेल, मला माहितीये. त्यांच्यावर चिडू नको, त्यांना माझ्याकडे पाठव, मी बोलते. तुझ्या आईशी मात्र तूच बोल, आजच बोल, कारण तुझी आई अजून एकाही ग्रामसभेला आलेली मी बघितली नाही आणि तिला पाण्याचं जेवढं कळतं तेवढं त्या मीटिंगमध्ये बसलेल्या कुणालाच कळत नाही.

पॅनलला अजून काही कळवू नकोस, पंधरा दिवस मागून घे. बायकांची सभा १४ ला दुपारी आहे, शाळेच्या व्हरांड्यात, आणि मोठी ग्रामसभा १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर. १४ ला आईला घेऊन ये. शंभर पानी वही आण, साईटवरचे आकडे त्यात लिहून आण, आपण दोघी अर्धा तास आधी बसून बघू. मी जुनं प्रोसिडिंग, म्हणजे मीटिंगच्या ठरावांचं रजिस्टर, कसं वाचायचं ते दाखवते, माझ्याकडे काही झेरॉक्स आहेत, त्यातच ते मोटरचं पान पण आहे.

तुझी,
काकू