घरी लिहिलेला ३२ बिटांचा कोड कोणाचा?

प्रश्न : मी वेर्णा येथील एका चिप डिझाइन कंपनीत टेस्ट इंजिनीअर आहे. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेची संगणकावर नक्कल करणारा एक सिम्युलेटर केवळ ६४ बिटांचा होता. तो बीएसडी या, कोणालाही कोड वापरू व बदलू देणाऱ्या, खुल्या परवान्याखाली आहे. म्हापशाला घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर मी त्यात ३२ बिटांची सोय केली. कंपनी म्हणते, हा कोड आमचा. पुसून टाका, नाहीतर दावा लावू. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, काहीही पुसू नका. गिटमधील (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनातील) तारीखवार नोंदी हाच आपला मुख्य पुरावा आहे.

मूळ सिम्युलेटर खुला आहे, एवढ्यावरून आपण घातलेल्या भरीचा मालक ठरत नाही, कारण तो परवाना बदल करण्याची मुभा देत असला तरी नोकर आणि नोकरी देणारा यांच्यातील हक्कांबद्दल काहीच सांगत नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती आहे, आणि कलम १७ प्रमाणे, उलट करार नसल्यास, नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. काम रात्री घरी झाले ही बाब आपल्या बाजूची आहे, परंतु ती पुरेशी नाही. सिम्युलेटर लिहिणे हा आपल्या नेमून दिलेल्या कामाचा भाग होता का, हे न्यायालय पाहील. नेमणूकपत्र काढून वाचा. भविष्यातील कृतींचे हक्क त्यात आपल्या सहीने लिहून दिले असतील, तर त्याच कायद्याच्या कलम १८ नुसार कृती अस्तित्वात येताच ते हस्तांतरण लागू होते, आणि मग आपली बाजू कमकुवत होईल.

दुसरा प्रश्न, आपण कशावरून लिहिले? रजिस्टरची (प्रोसेसरमधील आकडे ठेवण्याच्या जागेची) रुंदी बदलणे, शिफ्टचे (बिट सरकवण्याचे) अंतर सहाऐवजी पाच बिटांत मोजणे, एडीडीडब्ल्यू या बेरजेच्या सूचनेसारख्या फक्त ६४ बिटांच्या सूचना वगळणे, हे सर्व रिस्क-फाइव्हच्या जाहीर मॅन्युअलमध्ये आहे, आणि प्रताधिकार कल्पनेला नव्हे तर तिच्या लेखनाला मिळतो. मात्र कंपनीचे अंतर्गत टेस्ट प्रोग्राम घरी वापरले असतील, तर गोपनीयतेच्या भंगाचा स्वतंत्र आरोप होऊ शकतो. तसे झाले असल्यास आपल्या वकिलांपासून लपवू नका.

हक्काचा निकाल लागेपर्यंत हा बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवू नये, कारण पाठवताना ‘हे देण्याचा मला अधिकार आहे’ अशी हमी बहुधा द्यावी लागते, आणि ती आज आपल्याला देता येत नाही. नेमणूकपत्रात भविष्यातील हक्क लिहून देणारे कलम नसेल आणि कंपनी दावा न लावता नुसत्या धमक्याच देत राहिली, तर प्रताधिकार कायद्याच्या कलम ६० खाली, आपण हक्कभंग केलेला नाही अशी न्यायालयाची घोषणा मिळवण्यासाठी आपणच दावा लावू शकता. तोवर कंपनीला लेखी विचारा की ती नेमक्या कोणत्या कलमावर आणि कोणत्या फाइलींवर हक्क सांगते.